डायरेक्ट

गाडीचे ब्रेक उद्या बघू, पण टेप आजच बसव, असं म्हणणारी माणसं मी रोज बघायचो. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट. धुळ्यात आग्रा रोडला माझं कार टेपचं दुकान होतं. दोन वर्षांपूर्वी या धंद्यात आम्ही तिघंच होतो, आता ज्याला पक्कड धरता येत होती तो प्रत्येक जण फिटर झाला होता. काळीपिवळी जीप असो, लग्नाची मेटॅडोर असो की केळीचा ट्रक, टेपशिवाय गाडी मुकी वाटायची. त्यात खोटं काही नव्हतं. स्टँडवर चार जीपा उभ्या असल्या तर जी गात असेल ती आधी भरायची. सीट फाटकी, टायर गुळगुळीत, तरी लोक गाण्यात जाऊन बसायचे. मला त्या गोंगाटाचा संताप यायचा आणि पोटही त्याच्यावरच चालायचं, म्हणून संताप दुकान बंद केल्यावर करायचा असा माझा नियम होता.

त्या साली ऑटो रिव्हर्सचा माल आला. कॅसेटची एक बाजू संपली की सेट आपोआप दुसरी वाजवायचा, ती संपली की पुन्हा पहिली. "थांबतच नाही, भाऊ," असं मी गिऱ्हाइकाला छाती ठोकून सांगायचो. त्या एका वाक्यावर माझे अर्धे सेट खपले.

झिपरू आला तो त्र्याण्णवच्या वैशाखात, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन आठवडा झाला होता. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या अंगाला त्याचं गाव. शिरपूर ते चोपडा अशी जीप चालवायचा. किडकिडीत, हसरा, आणि बोलायला लागला की माझ्या ऑटो रिव्हर्ससारखा न थांबणारा. लग्नसराई होती, दुकानापुढे गाड्यांची रांग लागली होती, आणि हा माझ्या पाठीशी उभा राहून घरचं सांगत होता. थोरला भाऊ पितांबर टेप घेण्यावरून कसा भांडला, चार दिवस कसा बोलत नाही, आता गाणी ऐकली की कसा विरघळेल. मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "हिलालभाऊ, एक ध्यानमा ठेव. चावी काढी का टेप बंद व्हयना जोयजे. नही तं बॅटरी उतरी जाई."

मी म्हटलं, "मला शिकवतोस का आता?"

इथे थोडं समजावून सांगतो, कारण सगळं याच्यावरच आहे. त्या सेटला दोन वायरी असायच्या. पिवळी थेट बॅटरीला, म्हणजे सेटमधलं घड्याळ चालू राहतं. लाल जायची चावीच्या स्विचला, म्हणजे चावी काढली की गाणं बंद. मी ज्यांच्याकडे शिकलो ते मिस्तरी म्हणायचे, गाडीत चावीच्या वर कुणी नाही. पण झिपरूच्या जुन्या जीपमध्ये चावीच्या मागे हात जात नव्हता. अख्खा डॅशबोर्ड खोलायचा, तास मोडायचा, आणि मागे नऊ गाड्या हॉर्न मारत होत्या. अशा वेळी धंद्यात एक पळवाट असते. लाल आणि पिवळी एकमेकींना पीळ मारून बांधायच्या, वरून इन्सुलेशनची चिकट टेप गुंडाळायची. याला म्हणतात डायरेक्ट. मग चावी असो नसो, सेट वाजतो. पुढच्या फेरीला आला की नीट करून देऊ, असं मनात म्हटलं आणि डायरेक्ट देऊन टाकलं. तोंडाने म्हणालो, "झालं तुझ्या मनासारखं."

त्याने माझ्याकडूनच आखाजीच्या गाण्यांची कॅसेट घेतली. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, झोक्यावर बसून गातात, आणि त्या गाण्यांत दर कडव्याला बहीण भावाला हाक मारते. भाऊ, ये रे. भाऊ, ये रे. झिपरू तीच कॅसेट लावून, खिडकीतून हात हलवत गेला. दुपारचे तीन वाजले होते.

तिसऱ्या दिवशी पुना नावाचा त्यांच्याच भागातला ड्रायव्हर फ्यूज घ्यायला आला आणि त्याने सांगितलं. गावाच्या अलीकडे नाल्यावरच्या फरशी पुलावरून झिपरूची जीप खाली गेली. डाव्या अंगावर पडली. डॅशबोर्ड वाकून त्याचे पाय खाली अडकले. दिवस मावळायला आला होता. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर हाती लागला असता.

"तासभर कोणी आलंच नाही?" मी विचारलं.

"पितांबरभाऊ जवयच वावरमा व्हता, पऱ्हाट्या येचत. पण नालामाईन गाणा येत व्हतात ना! त्याले वाटनं, झिपरूनी दोस्त जमाडात, नवा टेप लाईसन नाची ऱ्हायनात. लग्नना दिन. अन रागबी व्हता त्याना." मग पुनाने आवाज खाली आणला. "पन खरी गोष्ट येगळी शे, हिलालभाऊ. झिपरू सापडना तव्हय चावी त्याना मुठमा व्हती. अन टेप चालूच! चावीबिगर!"

मी फ्यूज काढून दिला, पैसे घ्यायचे विसरलो. पुनाला वाटलं, भुताच्या गोष्टीने मी घाबरलो.

भीती वाटलीच, पण भुताची नाही. मला तो नाला दिसला. पाय अडकलेला माणूस, सेटच्या बटणापर्यंत न पोचणारा हात, आणि कानाशी तो आवाज. माणूस ओरडतो तेव्हा आधी काय करतो? गाणं बंद करतो, म्हणजे आपली हाक लांब जाईल. झिपरूने त्याच्यासाठी चावी काढली होती. माझ्यावर विश्वास ठेवून काढली होती. आणि गाणं थांबलं नाही. एक बाजू संपली, दुसरी लागली, ती संपली, पहिली पुन्हा लागली.

गोष्ट मात्र पसरली. नाल्यावर संध्याकाळी गाणी ऐकू येतात, झिपरू टेपमध्ये अडकलाय, त्या जागेवरून जाताना ड्रायव्हर टेप बंद करून विडी ठेवून पुढे जातात. माझ्या दुकानात बसून लोक हे मलाच सांगायचे. एकदा एकाने विचारलं, "चावीशिवाय टेप वाजतो का हो?" आणि मी, वीस वर्षं वायरी जोडणारा माणूस, मान हलवून म्हणालो, "असतात अशा गोष्टी." त्या भुताला मीच दूध पाजून मोठं केलं. ते होतं तोवर मला कुणी काही विचारणार नव्हतं.

पण खाई त्याला खवखवे. वर्षभर मी एकही गाडी डायरेक्ट केली नाही. गाडी तयार झाली की चावी काढायचो आणि कान देऊन उभा राहायचो. सेट बंद झालेला डोळ्यांना दिसायचा, तरी मागून दोन-चार क्षण बाईचा आवाज येत राहायचा. भाऊ, ये रे. आणि त्याच्या खाली दुसरा एक. गिऱ्हाईक म्हणायचं, झालं ना, मग सोडा की गाडी. घरी प्रमिलाने, माझ्या बायकोने, रेडिओ लावला की मी बंद करायचो. ती म्हणायची, "दिवसभर लोकांच्या गाड्या गाजवता आणि घरात सुतक पाळता." तिला सांगायचं ओठांवर यायचं आणि मी जेवायला वाढ म्हणायचो.

पुढच्या आखाजीला पाच दिवस होते. भर दुपारी एक म्हातारी दुकानाची पायरी चढली. मागे एक उंच, खांदे पडलेला माणूस. तिने फडक्याची गाठ सोडली आणि तो सेट माझ्यासमोर ठेवला. एक कोपरा चेपलेला, मागे वायरी तोडलेल्या. ती झिपरूची आई, मंजुळाबाई. मागचा पितांबर.

"हाऊ तूच बसाडेल शे ना, भाऊ?"

"हो, माय."

"चावी मन्हा पोऱ्याना मुठमा व्हती. मंग हाऊ वाजना कसा?"

ती पुढे बोलत राहिली, अडखळत अडखळत. भगत म्हणतो, झिपरू या टेपमध्येच आहे, टेप तापीत सोडा. आखाजीला त्याची पहिली घागर भरायची आहे. गेलेल्या माणसाच्या नावाने आपण पाणी भरून ठेवतो, निखाऱ्यावर घास टाकतो, तो येऊन पितो, तृप्त होऊन जातो. "तो टेपमा व्हई तं घागरना पानीले कसा येई? अन तापीमा सोडा तं मन्हा पोऱ्या दुसरांदाव बुडी. म्हनीसन तुले इचाराले उनू. भगतले वायरीमधलं काय समजस? तुले समजस."

तिने पितांबरकडे बोट केलं. "हाऊ वरीसभर धड जेवना नही. म्हणस, तो टेपमाईन माले बलावत व्हता. घरमा कोनले गाऊ देत नही. एक पोऱ्या गया, दुसरा मन्हा डोयासमोर जाई ऱ्हायना."

मला वाटलं, देवाने सुटका पाठवली. खरं सांगितलं की भूत जाईल, पितांबर मोकळा होईल, आणि मला जे व्हायचं ते होईल. खोटं बोलणंही सोपं होतं. सेट माझ्याकडे राहू द्या, मी विल्हेवाट लावतो, एवढंच म्हणायचं होतं. म्हातारी पाया पडून गेली असती. तेवढ्यात सेटच्या मागच्या वायरी मी बघितल्या. लाल आणि पिवळी. अजून पीळ मारलेल्या, वर माझी हिरवी टेप. धुळ्यात हिरवी टेप मी एकटाच वापरायचो. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता.

मी ती टेप नखाने सोडवली, पीळ उलगडला, दोन वायरी दोन बोटांत धरून त्यांना दाखवल्या. लाल कुठे जायला हवी होती, मी कुठे जोडली, का जोडली, झिपरूने काय बजावलं होतं, सगळं सांगितलं. "यात कुणी नाही, माय. कधीच नव्हतं. चावीचा संबंधच नव्हता. मी डायरेक्ट दिलं होतं. माझ्या आळसाने वाजला तो."

मंजुळाबाईने त्या दोन वायरींना हात लावून बघितला. मला वाटलं, आता थोबाडात बसेल. बसायला हवी होती. पण बोलला तो पितांबर, दुकानात आल्यापासून पहिल्यांदा.

"म्हंजे टेपमा झिपरू नही व्हता?"

"नाही, भाऊ. तुमच्या मनातून काढून टाका."

"गाणामा बाई म्हने, भाऊ, ये रे. त्याना खाले एक मानूसना आवाज येत व्हता. भाऊ, ये रे." तो माझ्याकडे बघत होता, पण मी त्याला दिसत नव्हतो. "माले वाटनं गाणंच शे. मंग चावीनं आयकं, तव्हय वाटनं, मरी गया अन मंग टेपमाईन बोलना. मेल्यावर बोलना." त्याने वायरींकडे बोट केलं. "टेपमा नही व्हता, तं मंग तो जित्ता व्हता."

वर्षभर त्या माणसाने भूत उराशी धरलं होतं, कारण भुताच्या हाकेला ओ न देणं माफ असतं. माझं ओझं उतरवायला मी खरं बोललो आणि त्याचा तेवढा आडोसा काढून घेतला. तो माझ्या दुकानाच्या जमिनीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. मीही रडलो, लपवत नाही. बाहेर एक ट्रकवाला हॉर्न मारून मारून निघून गेला.

मंजुळाबाई तेवढी रडली नाही. तिने सेट पुन्हा फडक्यात बांधला आणि काउंटरच्या माझ्या बाजूला सरकवला. म्हणाली, "हाऊ आते तुना. अन आखाजीले सकायमा ये. एकना कान चुकना, एकना हात चुकना. घागर दोन्ही जन भरा."

मी गेलो. प्रमिलाला सगळं सांगून गेलो. गावात शिरताना वाटत होतं की लोक मारतील. कुणी मारलं नाही, कुणी बोललंही नाही, ते जास्त लागलं. पितांबर आणि मी विहिरीवर गेलो, एक एक कळशी ओढली, नवी मातीची घागर भरून दोघांनी धरून ओट्यावर आणली. मंजुळाबाईने निखारे पुढे घेतले. पुरणपोळीचा घास आणि तूप पानावर होतं. घास टाकायच्या आधी त्याला नावाने बोलवायचं असतं.

"आवाज दे त्याले," ती पितांबरला म्हणाली.

पितांबर निखाऱ्यांपुढे सरकला. दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. शेजारच्या घरात झोक्यावर पोरी गात होत्या. मंजुळाबाईने हाताने खूण केली तशा त्या थांबल्या. अख्खी गल्ली गप्प झाली, कुठेही कसला आवाज राहिला नाही. वर्षभर मला अशी शांतता मिळाली नव्हती.

मग पितांबर उठला. हाक मारायची सोडून नाल्याच्या दिशेला तोंड केलं, आणि वावरातून आलो म्हणत ओ द्यावी तसा मोठ्यांदा म्हणाला,

"उनू रे भाऊ. उनू."

म्हातारीने घास निखाऱ्यावर टाकला.