बदली पालक

शाळेतली मुलं मला ‘शूबाई’ म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण ग्रंथालयात पाठीमागचंही ऐकू येतं. बावीस वर्षं मी ‘शू’ करत आले आहे, तेव्हा नाव काही चुकीचं नाही. माझ्या जिभेला हाड नाही असंही म्हणतात. तेही खरं आहे, आणि मला त्याचा अभिमान होता. होता, असं म्हणते आहे.

आमची शाळा खाजगी, पाचवी ते आठवी. खाजगी शाळेला रोज उठून काहीतरी नवं लागतं. काही वर्षांपूर्वी आमच्या मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकेच्या डोक्यात आलं की पालकसभेत शिक्षकांनी तोंड उघडायचंच नाही. मुलांनी बोलायचं. वर्षातून दोनदा, वीस मिनिटं, प्रत्येक मूल आपली फाइल घेऊन आईबापांसमोर बसतं आणि काय जमलं, काय नाही जमलं, पुढे काय करणार, ते स्वतः सांगतं. कल्पना वाईट नाही. पण ज्यांचे आईबाप येतच नाहीत त्यांनी काय भिंतीला सांगायचं? त्यांच्यासाठी ‘बदली पालक’. आमच्यापैकी जो मोकळा असेल तो समोरच्या खुर्चीत बसतो, मान डोलावतो आणि ‘पालकांचा अभिप्राय’ या चौकटीत ‘ऐकले’ असं लिहून सही ठोकतो. त्यापेक्षा जास्त लिहायचं नाही, असा नियम आहे. ग्रंथपाल म्हणजे सदा मोकळीच अशी सगळ्यांची समजूत, त्यामुळे बदलीला पहिली मी.

खारूताई मला अशीच मिळाली.

हे नाव मी ठेवलेलं. पाचवीत नवी आली तेव्हापासून ती मधल्या सुट्टीत ग्रंथालयात यायची, भूगोलाच्या कपाटामागे फतकल मारून बसायची आणि मांडीवर पुस्तक उघडं ठेवून डबा कुरतडायची. ग्रंथालयात खायला बंदी आहे. पाटी मीच लावली आहे, लाल अक्षरांत. पहिल्या दिवशी मी ओरडले. दुसऱ्या दिवशी ती परत आली आणि कपाटाच्या आणखी आत सरकून बसली. तिसऱ्या दिवशी मी चष्मा पुसत बसले आणि मला काही दिसलं नाही. पुढे दोन वर्षं मला काही दिसलं नाही. सुट्टी संपली की ती सांडलेले कण कागदात गोळा करायची आणि जाताना म्हणायची, “येते हं बाई.” मी म्हणायचे, “पळ, घंटा झाली.” एवढंच आमचं बोलणं.

तिचे वडील पुलांच्या कामावर इंजिनियर. आज या नदीवर, उद्या त्या. आईचं वेगळं घर, वेगळा संसार. ही आत्याकडे राहायची आणि आत्या हॉस्पिटलात नर्स. सभेच्या दिवशी आत्याची ड्यूटी ठरलेली. त्यामुळे पाचवीत दोनदा आणि सहावीत दोनदा, चारही वेळा तिच्यासमोर मी. ती अगदी गंभीर तोंडाने सांगायची, “बाई, अपूर्णांक मला आवडत नाहीत, पण मी त्यांच्याशी भांडण मिटवणार आहे.” मी मान डोलवायचे. हसू आवरायला मला गालाची आतली बाजू चावावी लागायची.

सहावीच्या दुसऱ्या सभेला मात्र माझं डोकं फिरलेलं होतं. त्याच आठवड्यात त्यांची सहल गेली होती. बसमध्ये बसायला मुलींनी जोड्या लावल्या आणि ही उरली. वर्गशिक्षिकेने तिला ड्रायव्हरच्या मागे, सामानाच्या पिशव्यांजवळ बसवलं. वर मलाच म्हणते, “अहो, तिला काही वाटत नाही.” तिला काही वाटत नाही! मी चौकटीत ‘ऐकले’ लिहिलं नाही. मी लिहिलं: ‘या मुलीला वर्गात कोणी विचारत नाही. दोन वर्षं मधल्या सुट्टीत ग्रंथालयात एकटी बसते. डबा कपाटामागे खाते. ही इथे रमलेली नाही. कोणाला डोळे असतील तर बघावे.’ खाली ठसठशीत सही. वर्गशिक्षिकेच्या डोळ्यांत अंजन घालायचं होतं मला. पण आमच्या शाळेत ती चौकट कोणी वाचतच नाही. पालथ्या घड्यावर पाणी. फाइल कपाटात गेली आणि आपण काय लिहिलं ते मी विसरूनही गेले.

सातवीत तिचं नशीब फिरलं. दर बुधवारी सातवीची मुलं पाचवीच्या पोरांना गोष्ट वाचून दाखवतात. तिला जोडीला दोन मुली मिळाल्या, एक उंचच उंच आणि एक ठेंगणी. मी त्यांना शिडी आणि स्टूल म्हणते. ग्रंथालयात दोन्ही लागतात. गोष्टीत एक राक्षस होता. खारूताईने त्याचा आवाज असा काही खालच्या पट्टीत काढला की पाचवीची पोरं एकमेकांच्या अंगावर पडली आणि मी ‘शू’ करायची विसरले. पुढच्या बुधवारी पोरं दारातच ओरडायला लागली, “राक्षस कुठंय?” त्यानंतर मधल्या सुट्टीत शिडी आणि स्टूल येऊन तिला हाताला धरून बाहेर न्यायच्या. भूगोलाच्या कपाटामागची जागा रिकामी राहू लागली. मला वाईट वाटलं का? वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त बरं वाटलं.

अशात एके दिवशी ती सुट्टीत एकटीच आली. डबा नव्हता हातात.

“बाई, या वेळी सभेला बाबा येणार आहेत.”

“अरे वा! मग तोंड का पाडलंयस?”

“ते मला निवासी शाळेत घालणार आहेत. त्यांच्या कामाच्या जवळ आहे म्हणे.”

हळूहळू सगळं कळलं. वडिलांचं म्हणणं, पोरगी दिवसभर एकटी असते, तिथे निदान चोवीस तास मुली आजूबाजूला असतील. आत्या म्हणाली, माझी ना नाही, राहू दे माझ्याकडे. ही रडली. शेवटी वडील फोनवर म्हणाले, ठीक आहे, मी सभेला येतो. तू तिथे खरंच रमली आहेस असं मला पटलं तर राहा.

“वीस मिनिटांत पटवायचंय,” ती म्हणाली आणि माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू पटवून घेणारी मीच आहे.

मग काय, दहा दिवस रोज मधल्या सुट्टीत तालीम. मी बाबा झाले. कपाळाला आठ्या घालून, हाताची घडी घालून बसले. शिडी घड्याळात मिनिटं मोजायची, स्टूल मध्येच अवघड प्रश्न विचारायची. पहिल्या दिवशी खारूताई सहा मिनिटांत संपली. आठव्या दिवशी एकोणीस मिनिटं न अडखळता बोलली. अपूर्णांकांशी भांडण मिटल्याचा पुरावा म्हणून चाचणीचा पेपर, बुधवारच्या वाचनाचे फोटो, पाचवीच्या पोरांनी लिहिलेली चिठ्ठी, सगळं ओळीने लावलं.

त्याच दिवशी तिने विचारलं, “बाई, मागच्या वर्षीची पानं ठेवू की काढू?”

मी एका फाटक्या पुस्तकाच्या पाठीला डिंक लावत होते. वर न बघताच म्हणाले, “पान काढायचं नाही. पुस्तकातलं नाही आणि फाइलीतलंही नाही. कुठून कुठे आलीस ते दिसू दे की बाबांना.”

“सगळीच ठेवू?”

“सगळीच. एकदा सांगितलेलं कळत नाही का?”

“बरं,” ती म्हणाली.

ते ‘बरं’ मला अजून ऐकू येतं.

सभेच्या दिवशी वर्ग अपुरे पडतात म्हणून चार टेबलं ग्रंथालयात मांडतात. तिचं टेबल माझ्या काउंटरसमोरच आलं. वडील वेळेवर आले. बुटांवर सिमेंट वाळलेलं होतं. दारातल्या पायपुसण्यावर त्यांनी ते तीनदा घासलं, तरी निघेना. आल्या आल्या फोन बंद करून खिशात ठेवला. मी मनात म्हटलं, माणूस बरा दिसतो.

आणि पोरगी काय बोलली! मी वह्यांत तोंड खुपसून बसले होते, पण कान तिकडेच. कुठे घाई नाही, कुठे रड नाही. राक्षसाचा आवाज हळूच काढून दाखवला तेव्हा वडील खळखळून हसले आणि शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. चिठ्ठी वाचताना त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. पंधरा मिनिटं झाली होती. मी काउंटरखाली मुठी आवळल्या होत्या. जिंकली, मी म्हटलं, जिंकली माझी खारूताई.

“बाबा, थांबा हं, माझ्या मैत्रिणी बाहेर उभ्या आहेत. त्यांना बोलावते,” म्हणून ती उठून दाराकडे पळाली.

नुसतं बसून काय करायचं म्हणून वडील फाइल चाळायला लागले. पुढून मागे, मागून आणखी मागे. एका पानावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी ते पान दोनदा वाचलं. मग फाइल घेऊन ते सरळ माझ्या काउंटरपाशी आले.

“मॅडम, इथे ग्रंथालय असं लिहिलंय म्हणून विचारतो. ही सही कोणाची?”

मी बघितलं आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. माझंच अक्षर. माझीच ठसठशीत सही.

“माझी आहे,” मी म्हणाले. “पण ते मागच्या वर्षीचं. आता तसं काही नाही हो. तुम्ही बुधवारी येऊन बघा, पोरं हिच्या नावाने कसा गलका करतात ते. आता ही इथे बसत नाही. हिला मैत्रिणी आहेत.”

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “तुम्ही चांगल्या मनाने सांगताय,” ते म्हणाले. “पण हे लिहिलंत तेव्हा मी वाचेन असं तुमच्या मनातही नव्हतं, म्हणून तेच खरं वाटतं. आज मी समोर उभा आहे, आणि ती दारात आहे.”

“अहो, पण—”

“मी लांब असतो, मॅडम. मला दिसत नाही. जो रोज बघतो त्याच्यावरच भरवसा ठेवावा लागतो. दोन वर्षं माझी पोर कपाटामागे बसून डबा खात होती आणि मला ते आज कळतंय.” त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. “तुम्ही निदान लिहून तरी ठेवलंत. तुमचे आभार.”

आभार! ओरडले असते तर मी चार शब्द सुनावले असते, मला ते येतं. आभाराला काय उत्तर देणार?

दारात खारूताई उभी होती, एका हाताला शिडी, एका हाताला स्टूल. तोंडभर हसू. मग तिला बाबांच्या हातातली फाइल दिसली, कुठल्या पानावर उघडी आहे तेही दिसलं. तिने मैत्रिणींचे हात सोडले. तेवढ्यात वीस मिनिटांची घंटा झाली.

मी गप्प बसले नाही. मोठ्या बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, “तुम्हाला फक्त ‘ऐकले’ लिहायला सांगितलं होतं ना?” दुसऱ्या दिवशी वडिलांना फोन केला. ते अदबीने बोलले, पण त्यांचं ठरलं होतं. बोलून बोलून मी आणखीच खोटी वाटत गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि भोगायचं कोणी, तर त्या पोरीने.

शाळेचा दाखला मिळायच्या आधी ग्रंथालयाची सही लागते, की या मुलीकडे आमचं एकही पुस्तक राहिलेलं नाही. पंधरा दिवसांनी ती तो कागद घेऊन आली. मी तिचं कार्ड काढलं आणि उगाच वरून खाली तीनदा तपासलं. एखादं पुस्तक राहिलं असतं तर बरं झालं असतं. एकही राहिलं नव्हतं. मी सही केली. खाली शेऱ्याची जागा होती, ती मोकळी सोडली.

“एक विचारू?” मी म्हणाले. “मी काय लिहिलंय ते तुला माहीत होतं?”

“हो. मागच्या वर्षीच वाचलं होतं.”

“मग काढायचं नाही का ते पान? अगं वेडे, गुपचूप काढून फेकायचं! कोणाला कळलं असतं?”

“तुम्ही काढू नको म्हणालात.”

मी चष्मा काढून पुसायला घेतला. तिने कागदाची घडी घालून दप्तरात ठेवली, चेन लावली.

“आणि बाई, खरंच होतं ना ते,” ती म्हणाली. “फक्त एक चुकलं होतं.”

“काय?”

“एकटी बसते, असं लिहिलं होतं तुम्ही. एकटी कुठे? तुम्ही होतात की.”

तिने एकदा भूगोलाच्या कपाटाकडे बघितलं आणि दप्तर खांद्याला लावलं.

“येते हं बाई.”

घंटेला अजून अवकाश होता. तरी मी म्हणाले, “पळ, घंटा झाली.”