चार वाजताचा ओला कोट

दुपारचे चार वाजले तरी कोट ओलाच होता.

मावशींनी बाही चिमटीत धरून पाहिली, मग कॉलर, मग खिशाची दुहेरी शिवण. अकरा वाजता त्यांनी स्वतः तो पिळून, झटकून गॅलरीतल्या दोरीवर टाकला होता. ऊन कडक होतं, वाराही होता. शेजारचा जाड टॉवेल वाळून कडक झाला होता आणि सुती कोट मात्र हाताला गार लागत होता. त्यांनी सुनेला विचारलं. ती म्हणाली, हवा दमट आहे. मावशींनी टॉवेल काढून तिच्या हातात दिला आणि आत गेल्या.

एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. तिथे सगळे त्यांना मावशी म्हणत, आणि निवृत्त झाल्यावर इमारतीतले लोकही तेच म्हणू लागले. रक्ताला गार पाणी, चहाला कढत, तेलाला आधी भांड्यांचा साबण चोळून मग बाकीचं, हे त्यांना कुणाला विचारावं लागत नव्हतं. मुलगा एका मोठ्या कॅन्टीनमध्ये आचारी होता. त्याला तीन पांढरे कोट मिळाले होते आणि ते मशीनमध्ये टाकायला मावशींची सक्त मनाई होती. मशीनला डाग कुठे आहे ते कळत नाही, ते सगळीकडे सारखंच फिरतं, असं त्या म्हणत. घरातले बाकीचे कपडे सून बघायची, कोट आणि स्वतःच्या उशीचा अभ्रा त्यांच्याकडे. त्यावरून घरात कधी वाद झाला नव्हता.

त्या दिवसापासून मावशींचं चित्त थाऱ्यावर राहीना. त्या दिवसातून चार-चार वेळा गॅलरीत जात, कोट चाचपत. दोरीवरचे चिमटे बोटांनी मोजत. त्या खांद्याला दोन आणि घेराला दोन चिमटे लावायच्या, एकदा खांद्याला तीन सापडले. कॉलर नाकाशी धरली तर वास वेगळाच आला. त्या स्वतः वडीचा साबण वापरायच्या आणि हा वास पावडरीचा होता. रेडिओ लावायच्या, दोन मिनिटांत बंद करायच्या. जेवताना सून काही बोलली की त्या शब्दांत दुसरं काही दडलंय का ते शोधत बसायच्या.

मग एका दुपारी त्या जेवून नेहमीसारख्या आडव्या झाल्या, पण झोपल्या नाहीत. सून औषधांच्या दुकानातली सकाळपाळी करून दीडला घरी यायची. दोन वाजून गेल्यावर गॅलरीतून दोरी हलल्याचा आवाज आला, मग बाथरूमचं दार, मग बादली, आणि मग ब्रश. ब्रश बराच वेळ चालला. मावशी उठून दाराशी गेल्या. आत जावं आणि विचारावं असं फार वाटलं. त्या तशाच परत फिरल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

आपलं काम हिला पसंत नाही, एवढंच त्यांना कळलं. तोंडावर सांगितलं असतं तर भांडता आलं असतं. ही गुपचूप धुते, म्हणजे आपल्याला मोडीतच काढलंय. दुसरं एक त्यांना कळत होतं, पण त्याकडे त्या मन जाऊ देत नव्हत्या. गेल्या थंडीपासून डोळ्यांपुढे दुधाळ पडदा आला होता. आधी वाटलं चष्मा मळलाय. मग दिव्यांभोवती कडी दिसायला लागली, बसचे नंबर दिसेनासे झाले. कोटावरचे डाग त्या आता बोटांनी शोधत होत्या. वाळलेलं अंडं बोटाला कडक लागतं, तेल गुळगुळीत लागतं. पण टोमॅटोचा डाग बोटाला लागत नाही, चहाचाही नाही. हे कुणाला सांगितलं तर उद्या गॅसपाशी जाऊ देणार नाहीत, परवा जिना उतरू देणार नाहीत. म्हणून त्या गप्प होत्या.

पुढच्या आठवड्यात एके दिवशी सुनेची सुट्टी होती. मावशींनी ठरवलं की आज कोट असा स्वच्छ काढायचा की हिला पुन्हा हात लावायची सोयच राहू नये. त्या सकाळीच बाथरूममध्ये शिरल्या आणि दार लोटून घेतलं. बादलीत पाणी घेतलं, त्यात पांढऱ्या कपड्यांचं ब्लीच ओतलं. एरवी त्या झाकणाने मोजत, आज बाटलीच उपडी केली. कोट बुडवला. मग वरच्या फळीवर, डावीकडून दुसरी, तेलाच्या डागांसाठीच्या पातळ साबणाची बाटली असायची तिथे हात घातला. सुनेने आदल्या दिवशी फळी पुसून बाटल्या पुन्हा लावल्या होत्या. मावशींच्या हाताला लागली ती फरशीवरचे क्षार घालवायच्या अ‍ॅसिडची. आकार तसाच, झाकण तसंच. त्यांनी ती चांगली दोन-तीनदा ओतली.

बादलीतून सूं असा आवाज आला आणि नाकात सुरी खुपसल्यासारखा वास भरला. मावशींना क्षणात कळलं, ब्लीचमध्ये अ‍ॅसिड पडलंय, हा विषारी वायू आहे. लाँड्रीत वीस वर्षांपूर्वी एका नव्या मुलीने हेच केलं होतं, आणि तेव्हा मावशींनीच ओरडून सगळ्यांना बाहेर काढलं होतं. आता ओरडायला श्वास नव्हता. त्या खोकत वळल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, आधीच धूसर दिसत होतं, आता काहीच दिसेना. दार इथे असेल म्हणून हात पुढे केला तर तिथे भिंतीच्या फरशा लागल्या. दुसरीकडे केला, तिथेही फरशाच. पाच वर्षं वापरलेली ती खोली, अडीच पावलांची, आणि त्यांना तिचं दार सापडत नव्हतं.

खोकल्याचा आवाज ऐकून सून धावली. तिने दार ढकललं, तोंडावर ओढणी धरली आणि मावशींच्या दंडाला धरून त्यांना खेचून गॅलरीत आणलं. मग परत जाऊन बाथरूमचं दार घट्ट ओढून घेतलं आणि घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. वीस मिनिटांत दोघी रिक्षाने कोपऱ्यावरच्या दवाखान्यात होत्या. डॉक्टरांनी छाती तपासली, थोडा वेळ ऑक्सिजन लावला, डोळे धुतले. थोडक्यात वाचलात, म्हणाले. खोकला वाढला तर लगेच या असं सांगून त्यांनी दोघींना बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं.

बाकावर सुनेने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. ती हळूच म्हणाली, "आई, बाटलीवर एवढ्या मोठ्या लाल अक्षरांत लिहिलंय."

मावशींनी खोटं बोलायचं ठरवलं होतं. घाईत होते, चुकून झालं, असं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"अक्षरं सोड गं. बाटली लाल की निळी, तेच मला कळलं नाही."

"कधीपासून?"

"थंडीपासून."

सुनेने डोळे मिटले. मग तिने सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी मोठ्या आचाऱ्याने मुलाला डागाळलेल्या कोटात बघून सगळ्यांदेखत घरी परत पाठवलं होतं. पुन्हा असं दिसलं तर कामावरून काढेन म्हणाला होता. मुलाने आईला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. तेव्हापासून ती दुपारी कोट पुन्हा धूत होती. तिला वाटलं होतं, आईंचे हात थकले. डोळ्यांचं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"मग तोंडाने सांगायचं होतं मला," मावशी म्हणाल्या. "मी काय खाल्लं असतं तुला?"

"तुम्ही ते काम सोडून दिलं असतं. आणि मग दिवसभर काय केलं असतं?"

मावशी खोकत राहिल्या, आणि सून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

डोळे तपासल्यावर दोन्हींत मोतीबिंदू निघाला, उजवीकडचा चांगलाच पिकलेला. तीन आठवड्यांनी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्या तीन आठवड्यांतही मावशींना चैन पडली नाही. आत काय घालतात, डोळा उघडाच ठेवतात का, सुई दिसते का, असं त्या इमारतीतल्या प्रत्येकाला विचारून आल्या आणि प्रत्येकाने वेगळं सांगितल्यामुळे आणखी घाबरल्या. प्रत्यक्षात पंधरा-वीस मिनिटांत सगळं आटपलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर घरी आल्या त्या थेट पलंगाशी गेल्या. आपल्या उशीच्या अभ्र्यावर त्यांची नजर खिळली. तो त्या स्वतः धूत होत्या आणि त्याला दुसरं कुणी हात लावत नव्हतं. त्याच्या मधोमध पिवळट तेलकट गोल होता, कडेला चहाचे तीन ओघळ.

"ह्यावर झोपत होते मी?"

मुलगा म्हणाला, "आई, आम्हाला वाटलं ते डिझाईन आहे." मावशींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेला.

डॉक्टरांनी महिनाभर वाकायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही असं बजावलं होतं. म्हणून मावशी बाथरूमच्या दारात खुर्ची टाकून बसल्या आणि सून कोट धुवायला लागली. पहिल्या पाच मिनिटांतच सूचना सुरू झाल्या. डाग उलट बाजूने धू, म्हणजे आत जाणार नाही. ब्रश इतका दाबू नकोस, धागे निघतील. अंड्याला गरम पाणी घातलंस तर ते तिथेच शिजून बसेल. सून हूं हूं करत होती, अधूनमधून मुद्दाम उलट करत होती.

तिने कोट झटकायला वर धरला तेव्हा तिचे हात उजेडात आले. बोटांच्या पेरांवर भेगा होत्या, काही जुन्या, काही ताज्या लाल. नखांभोवतीची कातडी पांढरी पडून सोलली होती.

"हे कधीपासून?" मावशींनी विचारलं.

"होईल बरं. ब्लीचनं झालंय."

"हातमोजे घालत नव्हतीस?"

"मोजे घातले की डाग कळत नाही बोटांना."

मावशी उठल्या. सून नको नको म्हणत असताना त्या जपून, मान ताठ ठेवून कपाटापर्यंत गेल्या आणि मलमाची ट्यूब घेऊन आल्या. खुर्चीत बसून त्यांनी सुनेचे दोन्ही हात मांडीवर ओढून घेतले आणि एकेका बोटाला मलम लावायला लागल्या. एका डोळ्याने नीट दिसत होतं, दुसऱ्याने धूसर, त्यामुळे त्या कधी भेगेवर लावत, कधी शेजारी.

कोट बादलीत तसाच पडून होता. सुनेने त्याच्याकडे पाहून सांगितलं की तो अजून वाळायचाय आणि मुलाला उद्या कोट लागणार आहे.

"पडू दे," मावशी म्हणाल्या. "दुसरा हात दे इकडे."