ताकदीची सुई

सासूबाईंना मी सांगितलं होतं की दंडात ताकदीची सुई घेतली आहे. पोलीस भरतीचं मैदान मारायचं तर अंगात दम हवा, एवढं त्यांना पटत होतं. ती सुई मूल न राहण्याची आहे आणि तीन महिने काम करते, हे फक्त मला आणि माझ्या नवऱ्याला, सुनीलला ठाऊक होतं. आमची मुलगी दोन वर्षांची झाली होती आणि मैनाबाईंना, म्हणजे सासूबाईंना, आता नातू हवा होता. खरं सांगितलं असतं तर घरात महाभारत झालं असतं.

पण खोटं बोलायलाही अक्कल लागते. त्या दिवशी धावून आले, पडल्या पडल्या डोळा लागला आणि जाग आली तेव्हा सासूबाई कोमट तेलानं माझा दंड चोळत होत्या.

"ताकद एकाच जागी कायले राहू देतं? अंगभर पसरली पाह्यजे."

नर्सताईंनी बजावलं होतं, सुईची जागा चोळायची नाही, शेकायची नाही. औषध लवकर विरून जातं, मग तीन महिने पुरेल याचा भरवसा नाही. मी हात ओढला. त्यांनी तो पुन्हा धरला आणि मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून शेकलंही. इतक्या मायेनं कोणी आपलं वाटोळं करत असेल तर ओरडायचं कसं? दात-ओठ खात पडून राहिले.

पाळी थांबली. सुईनं थांबते, हे माहीत होतं. पोट राहिलं तरी थांबते, हेही माहीत होतं. मैदानाची तारीख जवळ येत होती. मी महागावच्या रस्त्यावर पळायची आणि थांबले की आधी पोट चाचपायची. सुनील म्हणायचा, "काही नाही होत." त्याचं काय जातंय म्हणायला!

पुढच्या सुईच्या दिवशी सासूबाई नवं पातळ नेसून तयार.

"मी बी येतो. माह्ये गुडघे लय दुखून राह्यले. मलेबी एक टोच म्हणतो."

उपकेंद्रात नर्स ममताताईंनी विचारलं, "मागची सुई चोळली-बिळली नाही ना?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "चोळली ना! शेकली बी. ताकद वाया नाही जाऊ देली."

ममताताईंचा चेहरा उतरला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. सासूबाई बाकावर बसल्या.

लघवीची तपासणी झाली. पट्टीवर एकच रेघ. दिवस राहिले नव्हते. मी तिथेच रडले.

सासूबाईंनी पट्टी उजेडात धरली. "एवढ्या तेलानं बी नाही हटली?"

"नशीब समजा," ममताताई म्हणाल्या. "ही सुई घेणाऱ्या शंभर बायांत वर्षाला चौघींना दिवस राहतात, ते बी बहुतेक तारीख चुकली म्हणून. कंडोमवाल्यांत तेराजणींना, कारण माणसं कधी वापरते, कधी नाही. तांबी बसवली तर शंभरात एखादीला."

सासूबाईंनी औषधाची बाटली मागून घेतली. बोटाच्या पेराएवढी. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली.

"माह्ये सहा बायतपनं झाले. दोन लेकरं मातीत देले. थांब म्हनाव तं देवाबिगर कोनी नोतं, अन् देव काही आयकत नोता." त्यांनी बाटली कपाळाला लावली. "एवढूसं पानी!"

माझ्या अंगावर काटा आला. मी सहज टोचून घेतलेली वस्तू पहिल्यांदाच इतकी मोठी दिसली.

"मले काहून नाही सांगलं?"

"तुम्ही नाही म्हणाल्या असत्या, आई."

"म्हनलीच असती," त्या म्हणाल्या. मग स्वतःच माझी बाही वर केली.

परतताना वाटेत शेजारच्या हंसाबाई भेटल्या आणि कौतुकानं माझा दंड धरायला पुढे झाल्या. सासूबाईंनी फाडकन त्यांचा हात झटकला.

"हात नको लावू तिले. ताकदीची सुई हाय."