नदी कोणती म्हणू?

भांडी भरली पोत्यात, गाद्या आवळल्या सुतळीनं,
जीव कशात बांधू बाई, सांगा कुणी वडिलकीनं…

नीनाची आई, सुप्रभाबाई, हे गुणगुणायची ते फक्त बदलीचा हुकूम आला की. नीनाचे बाबा पाटबंधारे खात्यात, त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड उचलायचं ठरलेलंच. ओळ तिची तिनंच जुळवलेली होती. आवाज बारीक, पितळेच्या डब्यात डबा घालताना होतो तेवढाच. "कसलं गाणं म्हणतेस गं आई?" असं विचारलं की ती दचकायची. "कसलं कुठं? सुतळी दे इकडं." आणि बाबा दारात आले की हसून म्हणायची, "झालंच आवरून."

तो आवाज नीनाला बुधवारी सकाळी आठवला, वेल्समधल्या बाला गावाच्या वरच्या डोंगरात, जुन्या गोठ्यातल्या दोरीवर चादरी वाळत घालताना. तिनं ओल्या चादरीत तोंड लपवलं आणि थोडा वेळ तशीच उभी राहिली. रडत नव्हती. नुसती टेकली होती, भिंतीला टेकावं तशी.

चादरी वाळत नव्हत्या. इथं पाऊस पडत नसला तरी हवेत असतोच, धुक्यासारखा, घामासारखा. घराशेजारी दोन छोट्या कॉटेजेस होत्या, त्या सुट्टीवर येणाऱ्यांना भाड्यानं द्यायच्या, त्यावर घर चालायचं. शनिवारी जुने पाहुणे गेले की नवे यायच्या आत सगळे पलंग उतरवायचे, बाथरूम घासायच्या, चादरी बदलायच्या. ब्लीचनं नीनाच्या बोटांची टोकं फुटली होती. ज्या हातांनी तिनं लंडनमधल्या फायनान्स कंपनीत वर्षानुवर्षं टीम चालवली, ते हात आता कुणाचे तरी केस सिंकमधून काढत होते. कामाला ती कमी लेखत नव्हती. पण संध्याकाळी जी दमणूक यायची ती झोपून जात नव्हती. सकाळी उठली की उशाशी बसलेलीच.

पाहुणे म्हणायचे, "किती नशीबवान तुम्ही, रोज हे डोंगर बघायला मिळतात!" नीना हसून चहाचं विचारायची.

नशीबवान होता तो तिचा नवरा, उल्हास. त्याची झोप, त्याचं हसणं, चेहऱ्याचा रंग, सगळं ह्या डोंगरानं परत दिलं होतं. ब्रॅकनेलच्या ऑफिसात तो आयटीत होता. एका सोमवारी ऑफिसच्या कार पार्कमध्ये गाडी बंद करून बसला तो उतरेचना. स्टिअरिंगवर हात तसेच. सिक्युरिटीच्या माणसानं नीनाला फोन केला. त्यानंतर लंडनजवळच्या रीडिंग गावातल्या त्यांच्या घरात पडदे ओढून तो सोफ्यावर पडून असायचा. जेव म्हटलं की जेवायचा, बोल म्हटलं की गप्प व्हायचा. मग एका दुपारी त्यानं लॅपटॉप तिच्याकडे वळवला. दगडी घर, मागं डोंगर, पुढं मेंढ्या.

"असं कुठंतरी जाऊन राहावंसं वाटतं बघ," तो म्हणाला. लगेच लॅपटॉप मिटायला लागला. "पण तुझं काय गं? तुझी नोकरी, तुझी माणसं…"

किती महिन्यांनी त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं होतं. फुंकर लागली तर विझेल इतकंसं. नीनानं हाताचा आडोसा धरावा तसं वाक्य पुढं धरलं. "माझं काय! मलाच वीट आलाय त्या पॅडिंग्टनच्या ट्रेनचा. मलाही जायचंय. चल, जाऊ."

तो रडला होता तेव्हा. तिच्या मांडीवर डोकं ठेवून.

आणि इथं येऊन तो बरा झाला, हीच तर खरी पंचाईत. बरा झाला नसता तर तिला बोलता आलं असतं. आता तो पाहुण्यांना घेऊन डोंगर चढायचा, कुंपणाच्या तारा स्वतः ओढायचा, रात्री लहान मुलासारखा गाढ झोपायचा. अशा माणसाला काय सांगणार, आणि कोणत्या तोंडानं?

बुधवारी दुपारी ऋजुताचा फोन आला. रीडिंगची मैत्रीण, जुन्या ऑफिसातली.

"नीना, ऐक. आमच्याकडे हेड ऑफ ऑपरेशन्सची जागा आहे. मी तुझं नाव टाकलंय. त्यांना तू हवीयेस. सोमवारपर्यंत हो किंवा नाही सांग."

"अगं, मी इथं…"

"मेंढ्या मोजतेस, माहितीये मला. आठवड्यातून तीन दिवस तरी ऑफिसात यावं लागेल, बालाहून जमणार नाही. उल्हासशी बोल. बोलशील ना?"

"बोलते," नीना म्हणाली, आणि फोन ठेवून वांगी चिरायला घेतली.

रात्री बोलायचं ठरवलं, तर जेवताना उल्हासच बोलला. "शुक्रवारी वास्तुशांत करून टाकू. विष्णू गुरुजींशी बोललोय मी. व्हिडिओवर करतो म्हणाले."

वास्तुशांत नीना टाळत आली होती. एकदा बर्फ पडलं म्हणून, एकदा कॉटेजेस भरल्यात म्हणून, एकदा सासूबाईंचं वर्षश्राद्ध झालं नाही म्हणून. खरं कारण तिला ठाऊक होतं. एकदा घराला हात जोडले की ते आपलं झालं. मग निघायचं कसं?

"इतकी घाई कशाला?" ती म्हणाली.

"घाई? दुसरा हिवाळा संपला, नीना. तू दमलेली दिसतेस. मला वाटतं घरालाही कळत असेल, आपण अजून त्याला नमस्कार केला नाहीये." मग तो हसला. "आई असती तर म्हणाली असती, वास्तू रुसलीय."

नीनानं त्याच्या पानात भात वाढला.

गुरुवारी वरद आला. मँचेस्टरला इंजिनिअरिंग करणारा त्यांचा एकुलता एक. पाठीवरच्या सॅकमध्ये नारळ, विड्याची पानं, सुपाऱ्या. "इंडियन शॉपवाला अंकल म्हणाला, लग्न आहे का? मी म्हटलं, नो, घराचा बर्थडे."

"वेडा," नीना म्हणाली, आणि त्याच्या गालावर हात ठेवला.

त्यानं तो हात धरून उलटा केला. "आई, तुझी हात काय झाली? इट्स लाइक सँडपेपर."

"ब्लीच रे. ग्लोव्ह्ज घालायचे विसरते."

"बाबाला माहितीये?"

"त्याला कशाला सांगायचं? तू आंघोळीला जा, पाणी तापलंय."

तो गेला नाही. तिच्याकडे बघत राहिला. इंग्लंडात जन्मलेल्या पोराचं मराठी लंगडं, पण नजर आजीची, काही न सुटणारी. "आई, तू हॅपी आहेस ना इकडे?"

"हो रे." इतक्या चटकन म्हणाली की तिचं तिलाच ते ऐकू आलं.

शुक्रवारी सकाळी ऊन पडलं. उल्हास म्हणाला, "बघ, वास्तू खूश झाली." त्यानं सोवळं नेसलं होतं आणि थंडी वाजते म्हणून वर फ्लीसचं जाकीट. शेजारच्या मळ्यावरची ग्वेन आली, साठीची, मेंढपाळ बाई. दारात तोरणाला आंब्याची पानं मिळणार नाहीत हे उल्हासनं तिला सांगून ठेवलं होतं, म्हणून तिनं स्वतःच्या दारातल्या रोवन झाडाची डहाळी आणली. "आमच्याकडे हे झाड घराला नजर लागू देत नाही म्हणतात," ती इंग्रजीत म्हणाली. "तुमच्या देवाला चालेल का?"

"आमचा देव सगळं चालवून घेतो," उल्हास म्हणाला. "माझ्या आईला चालत नसे."

ग्वेन खो खो हसली. मग बूट काढता काढता नीनाला हळूच म्हणाली, "मी लिव्हरपूलची. लग्न होऊन आले इथं. कुणी विचारलं नाही तुला आवडतं का, आणि मीही सांगितलं नाही. आता सांगून उपयोग नाही, आता मला शहरात झोप येत नाही." एवढं बोलून ती खुर्चीत जाऊन बसली, मांडीवर हात ठेवून, चर्चमध्ये बसल्यासारखी.

नीनाला तिचा हेवाही वाटला आणि भीतीही.

वरदनं लॅपटॉप तांदळाच्या डब्यावर उभा केला. पडद्यावर लंडनमधल्या स्टॅनमोरच्या घरातले विष्णू गुरुजी आले, मागं किचनची शेगडी, गळ्यात उपरणं, कानात इअरफोन.

"दिसतोय का उल्हासराव? वहिनी, नमस्कार. होम करायचा नाही बरं का. मागच्या महिन्यात स्लाऊला एकीकडे केला तर अलार्म वाजला आणि फायर ब्रिगेड आली. त्यांना प्रसाद देऊन पाठवलं. आपण कलश पूजू, संकल्प सोडू, घरभर पाणी शिंपडू. वास्तुपुरुष समजूतदार आहे."

नीना उल्हासच्या उजव्या बाजूला पाटावर बसली. कलशात रोवनची पानं, वर मँचेस्टरचा नारळ. खिडकीतून मेंढ्यांचं बें-बें ऐकू येत होतं. आचमन झालं. उल्हासची पाठ ताठ, चेहरा धुतलेल्या दगडासारखा स्वच्छ. किती वर्षांनी असा बसला होता. तिला त्याच्यावर माया आली, आणि त्या मायेचाच भार झाला.

"आता उजव्या तळहातावर पाणी घ्या," गुरुजी म्हणाले. "अक्षता, सुपारी. वहिनी, तुम्ही त्यांच्या हाताला हात लावा. म्हणजे हा संकल्प दोघांचा. मी म्हणतो, संपलं की पाणी सोडायचं, तोवर धरून ठेवा."

वरदनं पळीनं पाणी घातलं. नीनानं आपली फुटलेली बोटं उल्हासच्या मनगटाखाली ठेवली.

गुरुजींनी डोळे मिटले आणि सुरात सुरुवात केली. देश आला, काळ आला, संवत्सर, मास, तिथी. मग सवयीनं, एका दमात, "थेम्स-नद्याः दक्षिणे तीरे…"

नीनाला थेम्स दिसली.

रीडिंगचा तो पूल. सकाळी स्टेशनकडे जाताना खाली हंस असायचे. ओळखीच्या कॉफीवाल्याची मान डोलावणं, ट्रेनमध्ये शेजारी बसून गप्प राहणारी रोजची माणसं, लिफ्टमध्ये कुणीतरी "नीना, दोन मिनिटं आहेत?" म्हणणं. ज्या ट्रेनचा वीट आलाय असं ती खोटंच म्हणाली होती, तिच्या दाराची बीपसुद्धा. सगळं एका नदीच्या नावासरशी अंगावर आलं.

"गुरुजी, गुरुजी," उल्हास हसत म्हणाला, "थेम्स नाही. आता आम्ही डी नदीवाले!"

"अरे हो, हो. माफ करा. तोंडात बसलंय ना. सगळे यजमान तिकडचेच." गुरुजींनी पंचांगाआडून डोकं पुढं काढलं. "परत घेऊ. डी कुठली म्हणालात? आणि घर तिच्या उत्तरेला की दक्षिणेला? वहिनी, तुम्ही सांगा, नदी कोणती म्हणू?"

नीनानं नजर कलशावर ठेवली.

"वहिनी? आवाज येतोय का?"

"येतोय," वरद म्हणाला. तो आईकडे बघत होता.

उल्हासच्या तळहातावरलं पाणी बोटांच्या फटींतून झिरपत होतं. थेंब नीनाच्या हातावर पडत होते, फुटलेल्या टोकांवर झोंबत होते. सोमवारी ऋजुताला काय सांगायचं ते आज इथंच ठरत होतं, हे तिला लख्ख दिसलं. एक शब्द, डी, आणि पाणी ताम्हनात पडलं की घर दोघांचं. मग ती ग्वेनसारखी म्हातारी होईल. वाईट नाही होणार कदाचित. पण देवासमोर, ह्या माणसाच्या हाताला हात लावून, दुसऱ्यांदा तेच खोटं?

"नीना, सांग ना," उल्हास म्हणाला. "पाणी चाललंय सगळं."

"जाऊ दे."

"अगं, जाऊ दे काय!"

तिनं त्याच्या मनगटाखालचा हात काढला नाही. उलट घट्ट धरला. ग्वेनला मराठी कळत नव्हतं, पण तिनं मान खाली घातली. पडद्यावर गुरुजी स्तब्ध होते. नेट अडकलं होतं की ते खरंच थांबले होते, कुणास ठाऊक.

"उल्हास, तू चिडू नकोस. चिडलास तरी चालेल, पण परत त्या सोफ्यावर जाऊ नकोस." तिचा आवाज बारीक झाला, मग तिनं तो ओढून मोठा केला. "मी खूप दमलेय रे. चादरींनी नाही दमले. रीडिंगला तू विचारलंस, तुझं काय, तेव्हा मी म्हटलं मलाही जायचंय. तुला बरं वाटावं म्हणून म्हटलं. मला नव्हतं यायचं. तेव्हाही नव्हतं, आणि आजही माझं मन इथं लागलेलं नाही. मला परत जायचंय."