शवागारातला फुगलेला कपॅसिटर

मी शवागारातला कपॅसिटर बोलतोय. शपथेवर सांगतो, सगळं खरं आहे. म्हणजे, बहुतेक.

मी पत्र्याचा डबा. दोन पाय. घानातल्या कुमासीजवळच्या एका शवागारात, शीतपेट्यांची गरमी बाहेर फेकणाऱ्या पंख्याला जोडलेला. त्या पंख्यात तांब्याच्या तारेचं वेटोळं आहे. वीज सेकंदाला पन्नास हेलपाटे घालते आणि वेटोळं प्रत्येक हेलपाट्याला कुरकुरतं, "आत्ता तर इकडून आलीस, लगेच उलटी?" म्हणून त्याच्यातून प्रवाह उशिरा निघतो. माझं बरोबर उलटं. विजेचा दाब चढायच्या आतच प्रवाह माझ्याकडे येऊन बसलेला असतो. एक मागे, एक पुढे. या फरकावरून पंख्याला कळतं कुठल्या बाजूनं फिरायचं. मी नसलो की तो नुसता गुणगुणत उभा.

आमचा रखवालदार बोआडूम. मेलेल्यांशी बोलल्याशिवाय त्याचा हात चालत नाही. "उठू नकोस आजी, मीच येतो," म्हणत तो म्हातारी अफ्राकोमाची पेटी सरकवायचा. अकरा आठवडे झाले, म्हातारी आमच्याकडेच. अंत्यविधीच्या आधी घराला रंग लागायला हवा, आणि तिचा भाऊ डुआ, घराण्यातला वडीलधारा म्हणून सगळ्यांचा 'ओपान्यिन', अजून रंगच निवडत होता.

त्यात मी फुगलो. दम संपला. पंखा अडला की बोआडूम त्याला झाडूच्या दांड्यानं ढोसायचा. पण अशा पंख्याला अक्कल नसते, ढोसाल तिकडे फिरतो. एका सकाळी बोआडूमनं घाईत उलटा ढोसला. दिवसभर पंखा अगदी इमानानं उलटा फिरला, गरमी बाहेर जाईना. संध्याकाळी वास आला.

"चुकलं आजी," बोआडूम म्हणाला, आणि त्यानं डुआला बोलावून घेतलं. "ओपान्यिन, शनिवारी पुरा हिला. पुढे टिकायची नाही."

"शनिवारी? वरचा मजला रंगवायचा राहिलाय! लोक काय म्हणतील?"

"लोक बोलणार नाहीत. नाक धरतील."

"आधी तुझा पंखा नीट कर, मग मला शिकव!"

बोआडूमनं चालू पंख्यातून माझी वायर उपटली. वायर सुटली तरी मी पोटातली वीज सोडत नाही, म्हणून एरवी तो माझ्या दोन्ही पायांवर स्क्रूड्रायव्हर टेकवून मला रिकामं करतो. त्या दिवशी विसरला. बहुतेक.

"बघा, कसा फुगलाय," म्हणत त्यानं मला डुआच्या हातात दिलं.

डुआ मला मुठीत धरून पेटीपाशी गेला. "अफ्राकोमा, ईस्टरपर्यंत थांब गं," म्हणाला, आणि त्याचा अंगठा माझ्या दोन्ही पायांवर पडला.

तो किंचाळत फरशीवर आडवा झाला. बोआडूमनं त्याची टोपी उचलून दिली. "तारीख आजीला पसंत दिसत नाही."

शनिवारी म्हातारी मातीत गेली. घर वरून करडं, खालून निळं.

पंख्याला नवा कपॅसिटर मिळाला. मी बोआडूमच्या खणात गंजतोय. कित्येक महिन्यांत कुणी हातात घेतलेलं नाही.

गोष्ट ऐकलीत, आता तिचं मोल टाका. पैसे नकोत. मला नुसतं उचला, आणि अंगठा इथे ठेवा, दोन्ही पायांवर. रिकामा आहे मी. शपथेवर.

म्हणजे, बहुतेक.