लाल चौकोन

"तो लाल दिसता ना, तो मी," दशरथ परबांनी भिंतीकडे बोट दाखवलं.

शेजारच्या खाटेवरच्या नव्या पेशंटने मान उचलून पाहिलं. सिस्टरांच्या टेबलामागे मोठा टीव्ही लावला होता. त्यावर मालिका नाही, क्रिकेट नाही, नुसते चौकोन. रिकामी खाट हिरवी, भरलेली पिवळी. हॉस्पिटलातली गर्दी आता कॉम्प्युटर हटवणार होता, आणि खरं सांगायचं तर थोडी हटलीही होती. पूर्वी पेशंटला स्ट्रेचरवर घालून या वॉर्डातून त्या वॉर्डात जागा विचारत फिरवायचे. आता कुठे जागा आहे ते खालीच कळायचं.

"लाल म्हंजे बरो झालेलो. सिस्टरनीच सांगल्यानी," परब म्हणाले.

प्रेमा सिस्टरने तसं सांगितलं होतं खरं. डॉक्टरांनी घरी जायला सांगूनही जो गेलेला नाही, तो लाल. त्यातलं अर्धंच तिने सांगितलं. रोज ऑफिसातले साहेब त्या लाल चौकोनाबद्दल तिला टोचत आणि ती रोज म्हणे, "नातेवाईक येतायत, सर."

परब बसचे कंडक्टर होते. भरलेल्या गाडीच्या दारात उभं राहून 'मागची रिकामी येतेय' असं सांगण्यात त्यांचा जन्म गेला. ती रिकामी गाडी कुठून येते हे त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं. न्यूमोनिया झाला म्हणून मुलाने, सुयोगने, त्यांना इथे आणलं. आता न्यूमोनिया गेला होता, खोकला तेवढा उरला होता. रोज सकाळी ते भांग पाडून, पिशवी भरून तयार बसत आणि मग सुयोगचा फोन येई.

"बाबा, ऐका ना. दिशाचे बाळंतपणाचे टाके अजून ओले आहेत. बाळ आहे, सासूबाई आल्यात. आपल्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही, तुम्हाला माहितीय. आणि डॉक्टर म्हणाले, खोकणारं माणूस बाळाजवळ नको. तुम्ही तिथे बरे आहात ना?"

"मी बरोच आसंय. लाल झालंय."

"काय?"

"काय नाय. बाळाचा नाव काय ठेवलात?"

"ठरवतोय, बाबा. ठेवतो आता."

पोरगा वाईट नव्हता. फोन ठेवताना त्याचा आवाज चिरकला, तो परबांना ऐकू आला होता.

त्या दिवशी दुपारी भाऊराव नावाच्या माणसाला आणलं आणि परबांच्या खाटेशेजारी जमिनीवर गादी टाकून त्यावर झोपवलं. सलाईनची बाटली हातात उंच धरून त्याची बायको उभी राहिली. परबांनी आपल्याजवळचा स्टँड तिच्याकडे सरकवला.

"खाट कधी मिळेल हो?" तिने वॉर्डबॉयला विचारलं.

"काकी, तो टीव्ही बघा. लाल दिसतोय ना? त्याला कधीची सुट्टी दिलीय, पण घरचे न्यायलाच येत नाहीत. तो उतरला की लगेच तुमचा नंबर."

तो लाल कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक होतं तो दोन हातांच्या अंतरावर बसून सगळं ऐकत होता.

परबांना भयंकर लाज वाटली. स्टॉप आला तरी सीट न सोडणाऱ्यांना त्यांनी आयुष्यभर हटकलं होतं. आणि इथे आल्यागेल्याला बोट दाखवून सांगत होते, तो मी म्हणून. खाली भाऊराव कण्हत होता. परबांनी कंगवा काढून पुन्हा भांग पाडला, पिशवी घेतली आणि टेबलाशी गेले.

"सिस्टर, सुयोग इलो. खाली रिक्षा घेऊन उभो आसा."

"वर नाही आला? त्याची सही लागते, काका."

"गेटवर रिक्षा थांबाक देत नाय. माझीच सही घेवा."

प्रेमाने त्यांच्याकडे पाहिलं, मग जमिनीवरच्या गादीकडे. तिला ते खरं मानायचं होतं, म्हणून तिने मानलं. चौकोन हिरवा झाला. भाऊरावला उचलून वर ठेवेपर्यंतच तो हिरवा राहिला.

ड्युटी संपवून ती बाहेर आली, तर समोरच्या बसस्टॉपवर परब बसलेले. पिशवी मांडीवर. त्यांच्या घराकडची, भांडुपची बस उभी होती, अर्धी रिकामी. कंडक्टरने "भांडुप, भांडुप" म्हणून हाक दिली, परबांकडे पाहून जरा थांबला, आणि घंटी मारली. परब उठले नाहीत.

प्रेमाने रस्ता ओलांडला. ती त्यांच्याजवळ जाऊन बसली. सुयोग कुठे आहे, हे तिने विचारलं नाही.

"काका, तुमची बस गेली."

"गर्दी होती," परब म्हणाले. मग तिची समजूत काढावी तसं हळूच म्हणाले, "मागची रिकामी येता."

प्रेमाने त्यांची पिशवी आपल्या मांडीवर घेतली, आणि ती दोघं रस्त्याकडे बघत बसून राहिली.