कोपऱ्यातला हात

ऐक ना, आधी नुसतं ऐक, मध्ये एक अक्षर बोलू नकोस. कारण सगळा घोळ झाला तोच मुळी न बोलण्यामुळे!

ती बारकी आहे ना, पक्ष्यांचे फोटो काढत हिंडते ती. घरात सगळ्यांत धाकटी म्हणून बारकी, आता चांगली घोडी झाली तरी बारकीच. तर तिला एका बेटावर जायचं होतं. तिथे पक्ष्यांचा अभ्यास करणारं केंद्र आहे, त्यांना अख्ख्या हंगामासाठी फोटोग्राफर हवा होता. पगार, राहायला खोली आणि दार उघडलं की पक्षीच पक्षी! दिवसरात्र तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. अट एकच, पाच फोटो पाठवायचे, पाचही स्वतः काढलेले. चार होते तिच्याकडे, एकाहून एक. पाचवा हवा होता लाल चोचवाल्याचा. काळा-पांढरा पक्षी, गाजरासारखी लांब चोच, त्या चोचीनं कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, फोडून खातो. नेमका तो फोडतानाचा फोटो अडला होता, आणि पाठवायचा शेवटचा दिवस येऊन ठेपला होता.

होडी मामाची, म्हणजे तिच्या आईच्या धाकट्या भावाची. हाडाचा होडीवाला, पण तोंड असं की इंजिन बंद झालं तरी ते चालूच. मागच्या खेपेला लाल चोचवाला अगदी हातभर अंतरावर आला, आणि हा ओरडला, "अगं बारके, तो बघ, तो बघ!" संपलं. पक्षी भुर्र.

म्हणून त्या शेवटच्या दिवशी सकाळी बारकीनं आधीच दम भरला. "मामा, आज काहीही होऊ दे, मी सांगेपर्यंत तोंड उघडायचं नाही."

"काहीही?"

"काहीही."

"आणि होडीला आग लागली तर?"

"गुपचूप विझव."

आई दारातून हसली. "अगं, हा झोपेतसुद्धा बडबडतो. ह्याला नाही जमायचं."

झालं! मामाच्या वर्मी लागलं. "ताई, आज बघच तू," एवढं म्हणाला आणि ओठ शिवले.

खडकांजवळ गेल्यावर त्यानं इंजिन बंद केलं, वल्ह्यानं होडी अलगद आत घातली. बारकी पुढच्या टोकाला पालथी पडली. होडीच्या काठावर वाळूची पिशवी, पिशवीवर लेन्स, लेन्सला डोळा. लाल चोचवाला लांबच्या खडकावर उतरला. मग जरा जवळ. मग पुन्हा लांब. नुसता खेळवत होता गं तिला! एकदा चोचीत कालव धरलं, हिनं बटण दाबलं, तेवढ्यात होडी हलली. फोटो हलला. पुन्हा वाट बघणं. मान अवघडली, पाय बधीर, पण ही हलेल तर शपथ.

आणि अचानक होडी कलली. बारकीनं मान वर केली तर चहूकडे चिखल! पाणी पार लांब, तिकडे चमकतंय. ओहोटीनं होडी सपशेल जमिनीवर बसवलेली.

"मामा! पाणी गेलं!"

मामानं मान डोलावली.

"तू बघत होतास?"

पुन्हा मान डोलावली.

"अरे मग बोलला का नाहीस?"

मामानं ओठांवर बोट ठेवून भुवया उडवल्या. म्हणजे, परवानगी आहे का?

"बोल रे बाबा, बोल आता!"

"कधीचा बघतोय!" मामा फुटलाच. "पण तूच म्हणालीस, काहीही होऊ दे. ताईपुढे माझी पत काय राहिली असती?"

बारकीला रडावं की हसावं कळेना. तिनं कॅमेरा त्याच्या हातात कोंबला, "धर, पाडू नकोस," आणि होडी ढकलायला खाली उडी मारली. ती होडीपासून चार हात लांबच मांडीपर्यंत रुतली! एक पाय उपसावा तर दुसरा आणखी आत. मामानं कॅमेरा गळ्यात अडकवून वल्ह्यानं रेटून पाहिलं, होडी ढिम्म. शेवटी दोघंही दमून स्वस्थ झाली, भरती येईपर्यंत करणार काय? आणि त्या शांततेत पक्षी परत यायला लागले. ही दोघं म्हणजे खडकच आहेत असं समजून. लाल चोचवाला तर थेट बारकी आणि होडी यांच्यामधल्या दगडावर उतरला. चोचीत कालव!

कॅमेरा मामाकडे. बारकीनं चिखलातूनच हात वर केला आणि बोटानं खूण केली, दाब, दाब! मामानं दाबलं. खटखटखटखट.

भरतीनं सोडवल्यावर घरी आली तेव्हा ऊन कलत होतं. पाय बादलीत, लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर. मामाचे फोटो म्हणजे आभाळ, आभाळ, त्याचाच अंगठा, आणि मग एक असा की तिघंही एकदम पुढे वाकली. कालव फुटतंय, पाण्याचा थेंब चोचीच्या टोकाला. आणि उजव्या कोपऱ्यात चिखलानं माखलेला बारकीचा हात.

"तो हात काप आणि पाठव," मामा म्हणाला. "कॅमेरा तुझा, सगळी मांडणी तुझी. मी काय, नुसतं बोट."

"पण मी काढलेला नाही ना तो."

"कोण विचारतंय? आम्ही दोघं कुणाला सांगणार? मला तर गप्प बसता येतं, आज सिद्ध झालंय!"

तिनं कापायची रेघ कोपऱ्यातून आत सरकवली. हात गेला. पक्षी अख्खाच्या अख्खा राहिला. रेघ मागे नेली, हात परत आला. पुन्हा आत. पुन्हा मागे. आई गॅस बारीक करून नुसती बघत उभी.

मग तिनं काय केलं सांगू? स्वतःचा तो हललेला फोटो पाचवा म्हणून पाठवला. आणि मामाचा वेगळा जोडून खाली लिहिलं, "हा माझ्या मामानं त्याच्या होडीतून काढलाय. कोपऱ्यातला हात माझा."

परवा फोन आला केंद्रातून. बाई म्हणाल्या, "तुमचा पाचवा हललाय."

"हो," बारकी म्हणाली.

"पण चार फार सुंदर आहेत. सोमवारी भेटायला या. आणि ते मामा, होडी चालवतात ना? त्यांनाही आणा. पक्षी एवढा जवळ येईपर्यंत गप्प बसणारा होडीवाला आम्हाला आजवर मिळालेला नाही."

"गप्प? हा?" आई हसून हसून खुर्चीत बसली. मामा तेव्हापासून जेवताना एक शब्द बोलत नाही, सराव चाललाय म्हणे. पुढे काय होतंय ते सोमवारी कळेल, पण बारकीनं बॅग आत्ताच काढून ठेवलीये.

आता बोल. खरं सांग हं, ती रेघ तुझ्या बोटाखाली असती, बाहेर संध्याकाळ होत आलेली, तर तू काय केलं असतंस?